सूनबाईच्या बॅटची मूठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

बॅट म्हणजे हातोडा नव्हे, असं चिरंजीव म्हणाले. दांडा तो दांडाच, असं मी म्हणालो. ही मधेच म्हणाली, "दोघंही गप्प बसा. आधी तिचा हात बघा."

सूनबाई संध्याकाळी सरावाहून आली ती उजवा हात पोटाशी धरून. विचारलं तर, "काही नाही बाबा, जरा लचकलाय." पण पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला.

माझं अर्धं आयुष्य कारखान्यात अवजारांना दांडे बसवण्यात गेलं. हातोडे, कुऱ्हाडी, पटाश्या. लचकलेला हात आणि मुठीने दुखावलेला हात यांतला फरक मला दुरून कळतो. लचकलेला माणूस मनगट धरून बसतो. मुठीने दुखावलेला अंगठ्याचं मूळ दाबत राहतो. ती अंगठ्याचं मूळ दाबत होती.

तेवीस तारखेला निवडीचा सामना आहे. मोठ्या संघात सलामीची एकच जागा रिकामी आहे. तिच्या प्रशिक्षक मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलंय — या वेळी झालं तर झालं, पुढच्या वर्षी आम्ही विशीच्या आतल्याच मुली बघणार. सूनबाई सव्वीसची.

सगळे आत गेल्यावर बॅट हातात घेऊन पाहिली. आमच्या गावच्या शाळेत एक फळकूट होतं, त्याला आम्ही बॅट म्हणायचो. खरी बॅट आज पहिल्यांदा धरली. लग्नात चिरंजिवांनी बायकोला दिलेली भेट. सुंदर वस्तू आहे! पण मूठ गोल — लाटण्यासारखी. गोल मूठ हातात फिरते. कुऱ्हाडीला गोल दांडा बसवला असता तर मला कामावरून काढलं असतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी जपात मन लागलं नाही. मणी ओढता ओढता मण्यांकडेच बघत बसलो. वडिलांच्या बोटांनी झिजलेले, मग माझ्या. प्रत्येक मणी एका बाजूला चपटा झालाय आणि बोट बरोब्बर तिथेच बसतं. लाकूड माणसाचं ऐकतं, फक्त वेळ लागतो. सूनबाईकडे वेळ नाही.

देवा, जपात बॅट आणली, राग मानू नकोस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुठीचं गणित मला पाठ आहे. मूठ आवळली की मधलं बोट तळव्याला जेमतेम टेकायला हवं. टेकलंच नाही तर दांडा जाड. रुतलं तर बारीक. म्हणजे हाताचं माप हवं.

आता सुनेला "हात दे बघू" कसं म्हणायचं? कारखान्यात मी रोज परक्या माणसांचे हात उलटेपालटे करून बघतो, त्यात काही वाटत नाही. पण घरात येऊन पाच महिने झालेली मुलगी — ती ओशाळेल. मी तिच्याहून जास्त ओशाळेन.

युक्ती सुचली! गॅलरीत तिचे ग्लोव्ह्ज वाळत घातले होते. बोटांत वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि ग्लोव्ह बॅटच्या मुठीभोवती वळवून पाहिला. बोट लांब निघालं, तळव्यात चांगलं रुतलं. म्हणजे मूठ बारीक पडते आहे. म्हणूनच ती घट्ट आवळते, म्हणूनच दुखतं. इतकं साधं!

ही गॅलरीत आली. ग्लोव्हशी हस्तांदोलन करत बसलेल्या नवऱ्याकडे बघत बघतच आत गेली.

८ नोव्हेंबर, शनिवार

ग्रिपवरून चिकट कापडी पट्टी गुंडाळून दिली. घणाची मूठ करतो तशी — ज्या हाताने ठोकायचं त्या हाताला भरदार. म्हणजे खाली, उजव्या हाताच्या जागी, जास्त वेढे. पट्टीचं टोक आत दाबून टाकलं, बोटाला लागू नये म्हणून.

सूनबाईने दोनदा फिरवून पाहिली. "छान झालीये, बाबा."

मला फार बरं वाटलं. दुपारी जेवण जरा जास्तच झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

सरावाचा सामना. लवकर बाद झाली. "चेंडू चांगला होता," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परत बाद. चेंडू हवेत उडाला, झेल गेला. "माझीच चूक," म्हणाली.

एक गंमत दिसली. बॅटच्या पट्टीचं टोक बाहेर आलंय. मी आत दाबलं होतं, पक्कं आठवतं. आणि वेढे डावीकडून उजवीकडे जातात. मी उजवीकडून डावीकडे घालतो. हाताला वळणच तसं आहे. सुटली असेल, कुणीतरी नीट केली असेल. पण कोणी?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कोडं सुटलं. हिनेच सोडवलं, भाजी निवडता निवडता.

"अहो, ती पट्टी ती रोज मैदानावर सोडते. आणि घरी यायच्या आधी फाटकापाशी उभी राहून परत गुंडाळते."

"तुला कोणी सांगितलं?"

"कात्री माझ्याकडून नेते ना! दुसरी पट्टीपण माझ्याकडूनच गेली. अर्धं रीळ संपवलंय पोरीने."

"मग मला 'छान झालीये' का म्हणाली?"

"मग काय म्हणणार? सासऱ्याने एवढा जीव ओतून केलं आणि तोंडावर म्हणणार, भिकार केलंत? मी तरी तुमच्या वडिलांना कधी कशाला नाही म्हटलं होतं?" — आणि मग हळूच — "आणि ते ग्लोव्ह्ज तिचे नाहीतच. तिच्या भावाचे जुने आहेत. तो ताडमाड उंच आहे, बोटंही तशीच."

म्हणजे मी पाहुण्याच्या हाताचं माप घेऊन सुनेची मूठ केली!

राग आला का? शोधून पाहिलं, सापडला नाही. नवल मात्र वाटत राहिलं. एक माणूस रोज फाटकापाशी उभं राहून पट्टी गुंडाळतं, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि त्याच मायेपायी मूठ तशीच राहणार आणि तेवीस तारखेला त्याची जागा जाणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चहा घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय सूनबाई, बॅट कशी आहे?"

"छान आहे, बाबा."

"आणि कात्री?"

तिच्या कानापर्यंत लाली चढली. ही पदराआड हसायला लागली. मग सूनबाईलाही हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "बस इथे. तुला आमच्या पहिलवानाची गोष्ट सांगतो."

आमच्याकडे घण चालवणारा एक गडी आहे, पहिलवान म्हणतो आम्ही त्याला. मूठ बसली नाही की दांडा माझ्या टेबलावर आपटतो आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. अख्ख्या कारखान्यात त्याच्या हातातल्या मुठी सर्वांत चांगल्या आहेत. जे "चालेल" म्हणून मुकाट घेऊन जातात त्यांचेच हात सोलतात.

"तेव्हा तूही जरा बोल. मूठ शिव्या खाल्ल्याशिवाय सुधरत नाही."

"मी तुमच्या सात पिढ्यांना कशी बोलू, बाबा?"

"सांभाळूनच बोल. त्यात आता तूही आलीस."

बॅट मांडीवर ओढून घेतली. मग बॅटकडे बघून सुरू झाली — बॅटकडे बघून बोलायचं म्हटल्यावर जमलं तिला!

"मेली नुसती आडमुठी आहे! चेंडू जरा बाजूला लागला की हातातल्या हातात वळते. वळू नये म्हणून मी आवळते. आवळली की उजवा हातच सगळा जोर लावतो आणि चेंडू आभाळात. आणि वर कळ, इथपासून इथपर्यंत. तुमची पट्टी लावली की तर… म्हणजे…"

"बोल, बोल."

"खांब धरल्यासारखं वाटतं."

शाबास! मला इतकी चांगली तक्रार कित्येक वर्षांत कोणी दिली नव्हती.

जाता जाता म्हणाली, "यांना नका सांगू. त्यांनी एवढ्या हौसेने दिलीये." म्हणजे चिरंजिवांनाही "छान आहे"च मिळतंय. एकाच बॅटीने दोन पुरुषांचं मन राखते आहे बिचारी, आणि धाव मात्र एकही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हाताचं माप घ्यायची नवी तऱ्हा काढली. कारखान्यात खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून पुट्टी आणली. झाडूची काठी कापून तिच्याभोवती पुट्टीचा जाड थर दिला आणि सूनबाईला म्हणालो, "ही बॅट समज. बाहेरच्या खोलीत उभी राहा. समोरून वेगाचा चेंडू येतोय."

"झाडूने खेळायचं?"

"आज तेवढं खेळ."

ही म्हणाली, "खेळून झालं की तेवढी खोलीपण झाडून टाका."

सूनबाई उभी राहिली. वाकली. डोळे बदलले तिचे! रोज घरात वावरणारी मुलगी नव्हतीच ती. माझ्यामागच्या भिंतीतून कोणीतरी धावत येतंय असं बघत होती, मीच अंग चोरलं. मग एकदा काठी फिरवली आणि तशीच माझ्या हातात दिली.

पुट्टीत दोन्ही हात उमटले होते. खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत बसलो. बोटं आखूड, तळवा रुंद — भावाच्या ग्लोव्हच्या अगदी उलट. पण खरी गंमत पुढेच. वरच्या डाव्या हाताची बोटं नुसती टेकलेली, पाण्यावर पान पडावं तशी. खालच्या उजव्या हाताची मात्र रुतलेली. अंगठा तर पार काठीला जाऊन भिडला होता.

दाखवलं तिला. ती म्हणाली, "अय्या! मॅडम रोज हेच ओरडतात. वरचा हात मालक, खालचा पाहुणा."

वरचा मालक? घणात तर जोराचा हात मालक! मी खालच्या हाताला आणखी भरदार करून ठेवलं होतं. म्हणजे पाहुण्याला गादी, तक्के, लोड देऊन बसवला आणि मालकाला उंबऱ्यावर. मग पाहुणा उठणार कशाला?

हातोड्याचं शहाणपण इथे उलटं. चिरंजीव बरोबर होते. त्यांना सांगणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

खेळाच्या दुकानात गेलो. बॅटवाला तरणा, तोंडाने फटकळ. बारीक मुठीची दुसरी बॅट मागितली तर म्हणाला, मागवावी लागेल, महिना जाईल. मग विचारलं, हीच मूठ तासली तर?

"काका, तासायला ही काय पेन्सिल आहे?"

पण माणूस चांगला. एक मोडकी मूठ आणून उभी चिरून दाखवली. वर रबराची ग्रिप. तिच्याखाली घट्ट गुंडाळलेला दोरा. दोऱ्याखाली वेत! वेताचे तुकडे एकाला एक चिकटवलेले आणि मधे रबराच्या पातळ पट्ट्या, धक्का गिळायला. चोवीस तास डोकं खाजवलं तरी मला हे सुचलं नसतं. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याला नमस्कार.

"वेत खरवडा. पण आतली रबराची पट्टी दिसायला लागली की हात काढून घ्या. त्यापुढे गेलात तर सामन्यात सुनेच्या हातात मूठ राहील आणि पातं जाईल चेंडूच्या मागे."

ग्रिप चढवायचा लाकडी शंकू त्याने उसना दिला.

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं — काय करायचंय आणि काय होऊ शकतं. तिची जुनी बॅट तडकलेली आहे, म्हणजे ही मोडली तर तेवीसला परक्याची बॅट. चिरंजीव ताडकन उठले. "माझी बॅट तासणार?"

ही म्हणाली, "तुझी कधी झाली?"

सूनबाई खाली बघत होती. मग चिरंजिवांकडे बघून म्हणाली, "मला दुखतं तिने. आधी सांगितलं नाही." चिरंजिवांचा चेहरा पडला, पण पोरगं वाईट नाही माझं. तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं मूळ दाबून म्हणालं, "इथे?"

आम्ही दोघं उठून आत गेलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ग्रिप उतरवली. दोरा सोडला — एकसंध, कुठे गाठ नाही. वेत उघडा पडला.

वेत म्हटलं की आमचे मास्तर आठवतात. एवढा वेत खाल्ला, पण तो असा जवळून बघायची सवड कधी मिळाली नव्हती! पिवळसर, आत बारीक बारीक छिद्रं. नाकाशी नेला. सुक्या गवतासारखा वास.

आज नुसतं बघितलं. हत्यार लावलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे देवाचं नाव घेतलं आणि काचेच्या तुकड्याने खरवडायला बसलो. पटाशी नको, पटाशीला घाई असते. काच एका वेळी साखरेएवढं काढते. दोन्ही बाजूंनी खरवडून मूठ लांबट केली — समोरून अरुंद, बाजूने रुंद, म्हणजे हातात वळायला वावच नाही. खालच्या हाताची जागा बारीक. वरच्या हाताला भर तशीच ठेवली. पुट्टीवरचे ठसे शेजारी ठेवले होते, दर थोड्या वेळाने बोट तिथे आणि बोट इथे.

एका ठिकाणी रबराची काळी रेघ दिसल्यासारखी वाटली. काच खाली ठेवली. ओल्या फडक्याने पुसलं. वेताचाच डाग होता. तरी त्या बाजूला परत गेलो नाही.

पॉलिश पेपर फिरवला. परत दोरा गुंडाळला, सरस लावून, ओढून ओढून. या वेळी मुद्दाम डावीकडून उजवीकडे, सूनबाईसारखा. का, ते माहीत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नवी ग्रिप चढवली. सूनबाईने हातात घेतली. मी म्हणालो, "छान म्हणायची बंदी आहे."

तिने डोळे मिटून फिरवली. "मूठ बसली, बाबा! वळत नाही. अजिबात वळत नाही." परत फिरवली. कपाळाला आठी. "पण जड झालीये."

"जड? मी वेत काढला, पट्टी काढली, टोपलीभर भुसा समोर आहे!"

"जडच आहे. उचलायला उशीर होतो."

मला वाटलं, मनाचे खेळ. वजनकाट्यावर ठेवली. पहिल्यापेक्षा हलकी. तिच्या हातात दिली, जड. चिरंजिवांना काही न सांगता दिली. म्हणाले, "जड का झाली?"

वजन कमी झालं आणि बॅट जड झाली! असं कसं? दिवसभर डोक्यात हेच. कारखान्यात पहिलवानाने विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

कळलं. नळावर बादली भरताना कळलं.

लहानपणी आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो. एक बादली आणली की खांदा उतरायचा, पावलं वाकडी पडायची. आई म्हणायची, दोन घे. मला वाटायचं, आईला दया नाही. पण दोन घेतल्या की चालणं सरळ व्हायचं. ओझं दुप्पट आणि चालायला सोपं.

बॅटचं तेच. मी मुठीचं वजन काढलं, पात्याचं होतं तिथेच. तराजूचं एक पारडं रिकामं केलं, दुसरं धाडकन खाली. काट्याला एकूण वजन कळतं. हाताला कुठे आहे तेही कळतं.

स्टुलाच्या कडेवर बॅट आडवी ठेवून तोल बघितला. मग जुन्या ग्रिपचा एक तुकडा कापून मुठीच्या अगदी शेंड्याला, नव्या ग्रिपखाली, कड्यासारखा बसवला. थोडा कापला. परत बसवला. परत कापला. मालकाच्या हाताला टेकायला उशीही झाली आणि पारडंही भरलं.

माणसालाही देव कधी कधी दुसरी बादली देतो ती अशासाठी असेल का? असेल. मला कळायचं वय झालं नाही अजून.

सूनबाईने उचलली. नुसती हसली आणि सरावाला पळाली, चहा न घेता!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कात्री दिवसभर जागेवर होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमनी तिला विचारलं म्हणे, "खालच्या हाताला काय औषध दिलंस?" अंगठा दुखत नाही. जेवताना दोनदा वाढून घेतलं तिने.

देवाकडे काही मागायचं नाही, असं वडील म्हणायचे. त्याला दिसतं, आपण यादी वाचून दाखवू नये. मी आजवर पाळलं. आज डोळे मिटले आणि तोंडातून निघून गेलं — "तिला घे त्या संघात."

निघालं ते निघालं. परत घेता येत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

काय झालं ते नीट लिहून काढतो. मला अजून उलगडलेलं नाही.

चिरंजीव आणि मी मैदानाच्या कडेला बाकावर बसलो होतो. सूनबाई सलामीला आली. मला खेळातलं फार कळत नाही, पण मुठीतलं कळतं. उजवा हात पाहुण्यासारखा — टेकलेला, सैल. बॅट वळत नव्हती. चेंडू जमिनीलगत जात होता. चिरंजीव टाळ्या पिटून पिटून लाल झाले. "बाबा, चाळीस झाल्या! आता पन्नास केल्या की जागा हिचीच. जागेसाठीची दुसरी मुलगी एकोणपन्नासवर बाद झालीये."

मग एक चेंडू तिच्या बॅटजवळून यष्टिरक्षक मुलीच्या हातात गेला. त्या मुलीने अर्धवट हात वर करून पंचांना विचारलं, तिलाच खात्री नव्हती. आवाज आला नाही. मलाच नाही असं नाही, आसपास कोणालाच आला नाही. पंचांनी मान हलवली — नाबाद.

सूनबाईने बॅट काखेत घातली आणि चालायला लागली.

चिरंजीव उभे राहिले. "अगं, नाबाद दिलंय! कुठे चाललीस?" मॅडम सीमारेषेवर आल्या. "पंच नाही म्हणतायत! वेडी आहेस का? सगळं हातात होतं!" ती त्यांच्यापाशी थांबली, एवढंच म्हणाली, "आऊट होते मी, मॅडम." आणि तंबूत गेली.

दुसऱ्या डावात तिला बोलावलंच नाही.

परत येताना बसमध्ये चिरंजीव म्हणाले, "कोणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. गप्प उभी राहिली असतीस तर?" ती खिडकीबाहेर बघत होती.

मला प्रश्न पडलाय. कोणालाच ऐकू गेलं नाही ते तिला कसं कळलं? की कळलंच नव्हतं? की हात परत दुखायला लागला, मूठ पुन्हा बिघडली, आणि तसं सांगितलं तर सासऱ्याला वाईट वाटेल म्हणून हे कारण? त्या "छान झालीये, बाबा"सारखंच?

तसं असेल तर तिची जागा माझ्या मुठीने घेतली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नावं लागली. जागा दुसऱ्या मुलीला.

ही म्हणाली, "तिला काही विचारू नका आज." नाही विचारलं. जपाला बसलो. मागितलेलं मिळालं नाही याचं काही नाही. मिळालं असतं तर देवाशी कसं वागायचं हेच मला कळलं नसतं. पण ती मूठ! मूठ काय म्हणाली तिला, एवढं मला कळायला हवं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

धीर करून विचारलं, "अंगठा दुखला होता का परवा? खरं सांग."

"नाही, बाबा. चेंडू चाटून गेला होता. आवाज मलाही आला नाही. पण मुठीत कळलं. आधीच्या मुठीत कळलंच नसतं, अजून खेळत राहिले असते."

मी बॅट हातात घेतली. म्हणालो, "मग परत थोडी जाड करून देऊ?"

तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. "नको. आणि आता तिला हात लावायचा नाही तुम्ही."